खांदा सोललाय तर आधी जू तपासा: येशूजवळ ओझं उतरवायचं कसं

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते, विदर्भातल्या माणसाला हे सांगायची गरज नाही पण पुण्यामुंबईकडचं कोणी वाचत असेल तर सांगतो, वर्षभर ज्या खांद्यावर जू बसलं त्या खांद्याला पळसाच्या पानाने हळद आणि तूप लावून शेकतात, म्हणजे तूप आता कोणाला परवडतं, तेलच असतं, आणि मग बैलाच्या कानाशी म्हणतात, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. आमचं घर ख्रिस्ती, आजोबांच्या काळापासून, त्यामुळे पूजा वगैरे आम्ही करत नाही, पण खांदशेकणी बाबांनी एकाही वर्षी चुकवली नाही. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी एकदा हळूच विचारलं होतं की हे कसं काय, तर बाबा म्हणाले, "साहेब, त्याचा खांदा दुखते. दुखण्याले का धर्म असते?" साहेब पुढे काही बोलले नाहीत, चहा घेऊन गेले.

२०१७ ला गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. ते साल आमच्या भागात कोणी विसरणार नाही, बोंड बाहेरून हिरवंगार आणि फोडलं की आत अळी वळवळते. माझ्या चार एकरात जे निघालं त्यातून वेचाईचे पैसे पण धड सुटले नाहीत. पुढच्या वर्षीचा पोळा आला तेव्हा माझ्यावर सोसायटीचं कर्ज होतं, कृषी केंद्राची उधारी होती, एका खाजगी माणसाचं व्याज चालू होतं आणि मी रात्र रात्र जागा असायचो. रविवारी चर्चला जायचो, टाळ वाजवून गाणी म्हणायचो, आणि घरी आलो की भिंतीकडे तोंड करून पडायचो, बायकोने जेवायला बोलावलं तरी उठायचो नाही. खांदशेकणीला मी बॅटरी धरून उभा होतो. बाबा पान फिरवता फिरवता थांबले आणि मला म्हणाले, "इकडं लाव बॅटरी. पाह्य, डावीकडून सोललं हाय. जू वाकडं बसून रायलं. बैल कमजोर नाई."

बस, एवढंच बोलले. पण मी तिथेच अडकलो, कारण मी वर्षभर स्वतःला एकच गोष्ट सांगत होतो की आपणच कमजोर, आपला विश्वासच कमी, दुसरे लोक नाही का सहन करत.

मत्तय ११:२८ हे वचन मला संडे स्कूलपासून पाठ आहे, "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन." आमच्याकडे हे वचन कॅलेंडरवर असतं, भिंतीवरच्या फ्रेममध्ये असतं, मयतीच्या पत्रिकेवर पण असतं. पण बहुतेक लोक इथेच थांबतात, मी पण थांबायचो. पुढच्या दोन ओळींत येशू म्हणतो माझं जू आपल्यावर घ्या. आता बघा, कष्टाने मेटाकुटीला आलेल्या माणसाला म्हणायचं की ये, आणि वरून म्हणायचं हे जू घे, हे काय बोलणं झालं? थकलेल्या बैलाला कोणी नवीन जू दाखवतं का? आणि शेवटी म्हणतो "माझे जू सोयीचे व माझे ओझे हलके आहे." मला तो सोयीचे शब्द त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. सोयीचं म्हणजे खांद्याला नीट बसणारं, न सोलणारं. येशू सुताराच्या घरचा, मार्क ६:३ मध्ये लोक त्याला सुतारच म्हणतात, आणि दुसऱ्या शतकातल्या जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवलंय की तो नांगर आणि जू बनवायचा. आमच्याकडचा वाढई पण बैलाची मान बघूनच जू घडवतो, एकाचं जू दुसऱ्याला चालत नाही. म्हणजे येशू काही मोघम गोड बोलत नव्हता, त्याला माहीत होतं खांदा कशाने सोलतो ते.

म्हणून मी जे काही आता सांगणार आहे ते ओझं गायब करायचं नाहीये. कर्ज गायब झालं नाही माझं, फेडायला पुढे चार वर्षं लागली. पण झोप त्याच्या खूप आधी आली. ती कशी आली तेवढं सांगतो, आणि हे वाचणारा ख्रिस्ती असलाच पाहिजे असं नाही, येशू म्हणाला तुम्ही सर्व, त्यात मी कोण गाळणारा.

पहिलं काम, ओझं मोजा. खरंच मोजा, मनात नाही, कागदावर. मी पोरीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, रात्री, सगळे झोपल्यावर. अकरा ओळी झाल्या. मला वाटत होतं सगळं पैशाचंच असेल पण पैशाच्या ओळी फक्त चार निघाल्या. बाकी काय होतं तर मायची शुगर, पोरीचं पुढचं शिक्षण, पोराचं शाळेत लक्ष नाही, गावात लोक काय म्हणत असतील (हे मी दोन वेगवेगळ्या ओळींत लिहिलं होतं, नंतर लक्षात आलं), बायकोशी खोटं बोललो की खाजगी माणसाचं व्याज फक्त इतकंच आहे म्हणून, आणि शेवटची ओळ भावाची. भावाशी मी दोन वर्षं बोललो नव्हतो. ती ओळ लिहिताना हात थांबला. मग मी स्वतःला विचारलं की यातली कोणती ओळ उद्या सकाळी कोणी पुसून टाकली तर छाती सगळ्यात हलकी होईल, तर उत्तर पैसा आलं नाही, भाऊ आलं. तुमचं वेगळं येईल. पण लिहिल्याशिवाय कळत नाही, कारण अंधारात सगळी ओझी मिळून एकच मोठं पोतं वाटतं आणि माणूस म्हणतो मरू दे, हे उचलणं आपल्याच्याने होत नाही.

मग प्रत्येक ओळीसमोर खूण करा, हे माझं की देवाचं की दुसऱ्या कोणाचं. बायबलातल्या गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल एकीकडे म्हणतो एकमेकांची ओझी वाहा आणि तीनच ओळींनंतर म्हणतो प्रत्येकाने आपला भार वाहावा. मला आधी वाटायचं हा माणूस गडबडला. पण शेतकऱ्याला हे कळायला पाहिजे, वखर ज्याचा त्याने चालवायचा पण विहिरीचा गाळ उपसायचा तर आवतीभवतीच्या चार घरांची माणसं लागतात. आणि तिसरा प्रकार आहे पावसाचा. पेरणं माझं, डवरणी माझी, निंदण माझं, पण पाऊस माझा नाही आणि बी उगवणं पण माझं नाही. मार्कच्या चौथ्या अध्यायात येशूने एक लहानशी गोष्ट सांगितली आहे, २६ ते २९ ओव्या, फार कोणी त्यावर संदेश देत नाही, की एक माणूस जमिनीत बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी रुजतं वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. बघा, झोपतो म्हटलंय. येशूच्या गोष्टीतला शेतकरी पेरणी करून झोपतो! आपण पेरणी करून ढगाकडे बघत बसतो आणि मोबाईलवर हवामानाचे पाच पाच व्हिडिओ बघतो, एक म्हणतो उद्या पाऊस, दुसरा म्हणतो खंड. माझ्या अकरापैकी तीन ओळींवर मी देवाचं असं लिहिलं आणि सांगतो, लिहिताना राग आला होता, आनंद नाही.

राग आला तर तो राग घेऊनच प्रार्थना करा, हे दुसरं काम. आपल्याकडे प्रार्थना म्हणजे हे प्रेमळ स्वर्गीय पित्या आम्ही तुझे आभार मानतो, असं सुरू झालं की मनातलं खरं बाजूलाच राहतं. बायबलात १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली जवळपास तिसरा हिस्सा रडगाणी आहेत, खरी, कडू. १३ वं काढून वाचा, कोठवर देवा, असं तो सरळ विचारतो, विसरलास का म्हणतो. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी काही गोड येत नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही. मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बोरीखाली जाऊन मोठ्याने बोलायचो. बैलांना सवय झाली होती. पहिले दोनचार दिवस नुसती तक्रार केली, पेत्राच्या पहिल्या पत्रात ५:७ ला म्हटलंय त्याच्यावर आपली सर्व चिंता टाका कारण तो तुमची काळजी घेतो, तर मी म्हणायचो हे घे, ही कृषी केंद्राची, ही मायच्या पायाची जखम, ही व्याजाची, तुला पाहिजे ना, घे. टाका म्हणजे टाका, हळूच ठेवा नाही. दोन मिनिटांनी मी परत उचलून घ्यायचो ते वेगळं. मग परत टाकायचो. हे दिवसातून दहादा झालं तरी लाज वाटून घेऊ नका, पोतं पहिल्याच झटक्यात गाडीत जातं असं कुठे आहे.

आता भावाचं. हे लांबवणार नाही म्हटलं तरी लांबेल, कारण माझ्यासाठी सगळं इथेच फिरलं.

वाटणीत आमच्या दोघांच्या शेतामध्ये एक धुरा आला. मी दरवर्षी वखरताना एक तास, म्हणजे वखराची एक ओळ, त्या धुऱ्यात घालायचो. एकच तास, हातभर पण नाही. सहा वर्षांत धुरा इतका बारीक झाला की त्यावरून बैलबंडी तर सोडा माणूस पण नीट चालेना, आणि भावाने एकदा विचारलं तर मी त्याच्याच अंगावर गेलो, तेव्हापासून बोलणं बंद. कर्जाची चिंता मी देवाला सांगू शकत होतो पण धुऱ्याजवळ आलो की प्रार्थना घशातच अडकायची. बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात १९:१४ ला शेजाऱ्याच्या सीमेची खूण सरकवू नको असं लिहिलंय आणि मला ते माहीत होतं, तोच तर त्रास. तुमच्या यादीत असं काही असेल, कोणाचं खाल्लेलं, कोणाशी खोटं बोललेलं, बाईमाणसाच्या बाबतीत काही, दारूचं काही, तर आधी ते काढा. बाकी सगळी ओझी परिस्थितीची असतात, हे एक आपणच आपल्या मानेवर ठेवलेलं असतं आणि हेच सगळ्यात जास्त सोलतं. येशूने मत्तय ५ मध्ये सांगितलंय की अर्पण वेदीजवळ ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. देवाची माफी येशूमुळे फुकट आहे, वधस्तंभावर ती फेडून झाली, पण भावाचा धुरा फुकट नाही, तो परत द्यावा लागतो.

तर गेलो मी. सकाळी सकाळी, तो गोठ्यात शेण काढत होता. मी म्हटलं, "भाऊ, धुरा मी कोरला. दरसाल एक तास." तो खराटा थांबवून म्हणाला, "मले माहीत हाय बे. मी मोजून रायलो होतो. सहा तास झाले." आणि मग आम्ही दोघंही काय बोलावं ते न सुचून शेणाकडे बघत उभे राहिलो, शेवटी वहिनी आतून ओरडली की चहा थंड होऊन रायला. त्याच आठवड्यात दोरी लावून धुरा परत घातला. माझी जमीन किती गेली तर फारशी नाही. त्या रात्री मी नऊला झोपलो ते सकाळी साडेपाचला उठलो, कर्जाचा एक रुपया कमी झाला नव्हता.

बायकोला व्याजाचा खरा आकडा सांगितला ते त्याच्यापेक्षा अवघड गेलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं की त्या माणसाकडे सावकारीचं लायसन आहे का. नव्हतं. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे, विनापरवाना सावकारी गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधक ऑफिसात करता येते, हे मला माहीत नव्हतं, तिला बचत गटाच्या मीटिंगमध्ये कळलं होतं. मी तक्रार केली नाही खरं सांगायचं तर, गावातलाच माणूस, पण आम्हाला हे माहीत आहे एवढं त्याला कळल्यावर व्याजाचा भाव एकदम उतरला. सांगायचं हे की ओझं बायकोपासून लपवून देवाला दाखवणं याला काही अर्थ नाही, देवाने जी मदत पाठवली होती ती माझ्याच चुलीपाशी बसली होती.

एकट्याने जू ओढता येत नाही. जू असतंच दोघांचं. नवा गोऱ्हा शिकवायचा तर त्याला जुन्या बैलासोबत जुंपतात, हे सगळ्यांना माहीत आहे, जुना बैल तास धरतो आणि गोऱ्ह्याने नुसतं सोबत चालायचं, ओढ जुन्यावर जास्त पडते. माझं जू घ्या आणि माझ्यापासून शिका असं येशू एकाच दमात म्हणतो त्याचा अर्थ मी तरी असा लावतो, पंडित लोक वेगळा लावत असतील. पण येशू दिसत नाही ना डोळ्याला, म्हणून दिसणारा पण एक माणूस पाहिजे. एकच पुरे. आमच्या मंडळीत एक आबाजी आहेत, ऐंशीच्या आसपास, ऐकायला कमी येतं, त्यांना मी सगळं सांगितलं. अर्धं त्यांना ऐकूच आलं नसेल. पण ते दर गुरुवारी घरसभा झाली की माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "हाय ना अजून?" आणि मी म्हणायचो हाय. माणूस निवडताना एवढंच बघा की तो लगेच उपदेश करत नाही आणि गावात सांगत फिरत नाही. पाळक असलाच पाहिजे असं नाही, पाळकांच्याच खांद्यावर किती असतं ते विचारा एकदा त्यांना. बायबलातल्या मोशेला पण त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने सांगितलं होतं की तू सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच बसतोस, असा तूही झिजशील आणि लोकही, माणसं वाटून घे.

इथे एका गोष्टीबद्दल कडक बोलतो. बाहेरगावाहून मंडप टाकून सभा घेणारे काही लोक येतात, सगळेच वाईट नाहीत, पण एकाने आमच्या मायला सांगितलं की गोळ्या खाणं म्हणजे विश्वास कमी असणं, आणि तिने तीन आठवडे शुगरच्या गोळ्या बंद ठेवल्या, कोणाला न सांगता, गोळ्या पिठाच्या डब्यात लपवून. पायाची जखम चिघळली, बोट जाता जाता वाचलं. ज्याच्या शिकवणीने तुमच्या खांद्यावर अजून एक ओझं चढतं, की तुमचा विश्वास कमी, तुमचं दान कमी, तुमचा उपास कमी, त्याच्यापासून दूर राहा. मत्तय २३:४ मध्ये येशू अशाच लोकांवर चिडलाय, जड ओझी बांधून लोकांच्या खांद्यावर देतात आणि स्वतः बोटाने पण सरकवत नाहीत. आणि विश्वास धरला की सगळं सुरळीत होतं असं पण कोणी सांगत असेल तर त्याला नारायण वामन टिळकांचं विचारा. आपल्या नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला, १८९५ ला मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर बायको लक्ष्मीबाई आणि मुलगा त्यांच्यापासून काही वर्षं तुटले, घरच फुटलं. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. टिळकांची जी भजनं आपण चर्चमध्ये टाळ घेऊन म्हणतो ती अशा माणसाची आहेत ज्याचं ओझं विश्वासाने आधी वाढवलं होतं.

शरीराचं पण बघा. १ राजे १९ अध्याय सगळ्यांनी वाचावा, खास करून ज्याच्या मनात नको ते विचार येतात त्याने. एलीया मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवला, आणि लगेच पुढे राणीच्या धमकीने पळाला, रानात एका झुडपाखाली बसून म्हणाला पुरे झालं देवा, माझा जीव घे. देवाने काय केलं? लेक्चर दिलं नाही, वचन पण दिलं नाही. झोपू दिलं. मग दूताने हात लावून उठवलं, ऊठ, खा, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी, आपला रोडगा समजा. परत झोपला. परत उठवलं, परत खाऊ घातलं. बोलणं त्याच्यानंतर, चाळीस दिवसांनी. आणि बोलल्यावर त्याला जोडीदार दिला अलीशा, जो त्या वेळी बारा जोड्या लावून नांगरत होता, स्वतः बाराव्या जोडीमागे. देवाला थकलेल्या संदेष्ट्यासाठी नांगरवालाच सापडला याचं मला फार बरं वाटतं.

म्हणून जर भूक मेली असेल, पंधरा वीस दिवसांपासून झोप नसेल, फवारणीच्या डब्याकडे बघून मनात काही येत असेल, तर आधी घरात कोणालातरी सांगा, आज, प्रार्थना करून बघतो मग सांगतो असं नको, आणि डबा शेजाऱ्याकडे नेऊन ठेवा. १४४१६ हा सरकारचा टेली मानसचा नंबर आहे, फुकट, रात्री दोनला पण लागतो, मराठीत बोलता येतं. डॉक्टरने झोपेची किंवा मनाची गोळी दिली तर घ्या. एलीयाला भाकर दूताने दिली, तुम्हाला गोळी नर्स देईल.

आणि आठवड्यातून एक दिवस जू खाली ठेवा. हे सगळ्यात सोपं दिसतं आणि सगळ्यात जास्त भांडणं यावरच होतात आमच्याकडे. कापूस फुटला, आभाळ आलं, मजूर मिळाले ते नेमके रविवारी, मग काय करायचं? निर्गम ३४:२१ मध्ये तर स्पष्ट आहे की नांगरणीच्या आणि कापणीच्या हंगामात पण सातव्या दिवशी विसावा घे, म्हणजे देवाला हंगाम माहीत होता, आणि २३:१२ मध्ये म्हणतो तुझ्या बैलाला आणि गाढवाला पण विसावा मिळावा. दुसरीकडे येशू म्हणतो बैल विहिरीत पडला तर शब्बाथाला, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, पण लगेच काढाल की नाही. तर माझा हिशोब असा आहे की खरंच बैल विहिरीत असेल तर काढायचा, पण दर रविवारी तुमचा बैल विहिरीत पडत असेल तर विहिरीला कठडा बांधा. चर्चहून आलं की जेवायचं, झोपायचं, पोरांशी बोलायचं, कोणाकडे जायचं. बायकांना पण सुट्टी पाहिजे, नाहीतर नवरा विसावा घेतो आणि ती रविवारी डबल स्वयंपाक करते, असला शब्बाथ काय कामाचा, आमच्याकडे आता रविवारी संध्याकाळी मी खिचडी टाकतो, कधी लागते खाली. ज्यांना रोजीवर जावं लागतं त्यांनी बाजाराचा दिवस धरावा, त्या दिवशी तशीही मजुरी बंद असते आमच्या भागात, देव वार बघून भांडत बसणार नाही. आणि त्या दिवशी मोबाईलवर कापसाचा भाव बघायचा नाही. भाव तुम्ही बघितल्याने वाढत नाही, मी दोन वर्षं बघून बघितलं.

राहिलं रात्रीचं. जाग येते ती तीनच्या आसपासच येते, का कोण जाणे, आणि त्या वेळी प्रत्येक ओझं दुप्पट वजनाचं असतं. तेव्हा हिशोब करायचा नाही, मी नियमच केलाय, तीन ते पाच हिशोब बंद. उठून पाणी प्यायचं. लांब प्रार्थना जमत नाही तेव्हा, मी तर एकच शब्द म्हणतो, "या" म्हणाला होतास ना, आलो. तरी झोप लागली नाही तर पडून राहायचं, शरीराला तेवढाच आराम. येशू तुफानात होडीच्या मागच्या बाजूला उशी घेऊन झोपला होता, हे मार्कने मुद्दाम लिहिलंय, उशीसकट. रब्बीत आमच्याकडे विजेची लाईन रात्रीची असते, हरभऱ्याला पाणी द्यायला तीनला उठावंच लागतं, मग मी मोटर सुरू करून धुऱ्यावर बसतो. भाऊ पण तिकडून त्याची मोटर सुरू करायला आलेला असतो, अंधारात बॅटरी हलवतो. मी पण हलवतो. कधी कधी तो ओरडून विचारतो, "झोपला नाई का बे?" आणि मी म्हणतो, "झोपलो होतो, लाईन आली म्हून उठलो."